न मिटणारे डोळे

हे मी माझ्यासारख्या डोळ्यांच्या माणसांसाठी लिहिते आहे. आरशात बघितल्यावर आपण कुणावर तरी डोळे वटारलेत असं वाटतं, आणि खोलीत तर दुसरं कुणीच नाही, असं तुमचं होत असेल तर पुढचं वाचा. गोळ्या-औषधांचं डॉक्टर सांगतील. मला बाकीचं सांगायचं आहे, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं नाव सुनंदा. नांदेडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. गल्लीत आणि शाळेत मला सगळे 'बाई'च म्हणतात. माझी नजर शाळेत प्रसिद्ध होती. छडी मी कधी हातात धरली नाही. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली की बोलायचं थांबायचं आणि तिकडे नुसतं बघायचं, एवढ्यावर माझी नोकरी चालली. "बाईनं बघितलं रे!" असं पोरं एकमेकांना दबक्या आवाजात सांगायची, आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

त्या नजरेनंच माझा घात केला. डोळे खरोखर बदलायला लागले तेव्हा कुणालाच शंका आली नाही. सगळ्यांना वाटलं, बाई आता जास्तच कडक झाल्या. मलाही तेच वाटलं. हात थरथरायचे, छाती धडधडायची, ब्लाऊज ढगळ झाले, चिडचिड तर विचारूच नका. मैत्रिणी म्हणाल्या, या वयात असंच होतं. मी मान डोलावली आणि चहा घेतला.

अल्बम

माझी एकुलती एक मुलगी वैशाली, आमची वैशू. तिचं लग्न झालं आणि ती लातूरला सासरी गेली. लग्नात फोटोग्राफर मला सारखा म्हणत होता, "काकू, जरा नॉर्मल बघा ना." मी नॉर्मलच बघत होते. मी त्याला तसं सांगितलं, तर त्याने कॅमेरा दुसरीकडे वळवला.

अल्बम आला तेव्हा घरी मी एकटीच होते. हळदीच्या फोटोत सगळ्या बायका हसताहेत, कुणी इकडे बघते आहे, कुणी तिकडे, आणि मधे मी थेट कॅमेऱ्यात बघते आहे. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावरही तेच. एक फोटो अंतरपाट खाली आल्याचा होता. अक्षता हवेत आहेत, वैशूची मान खाली आहे, आणि तिच्या मागे मी उभी. बुबुळाच्या वरचासुद्धा पांढरा भाग दिसतोय, आणि मी तिच्या मानेकडे टक लावून बघते आहे. मी त्या क्षणी काय विचार करत होते ते मला चांगलं आठवतं. तिचा अंबाडा सुटेल की काय, याची मला काळजी लागली होती. पण फोटोतली बाई अंबाड्याचा विचार करत नव्हती. ती दुसराच काहीतरी विचार करत होती.

अल्बम मी कपाटावर ठेवून दिला. त्याची एक प्रत लातूरला विहीणबाईंकडेही गेली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

चार-पाच महिन्यांनी वैशूला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. अशा गोष्टी होतात. मी तिच्याजवळ आठवडाभर राहिले, तिला भरवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा विहीणबाई मला फारसं काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं की मात्र त्या उठून आत जायच्या.

बेडगी मिरची

आता एक कबूल करते. ही विज्ञानाची बाई संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची दृष्ट काढायची. माझ्या हाताला गुण आहे असं गल्लीत मानलं जायचं. किरकिरं पोर घेऊन आई दारात आली की मी मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घ्यायची, पोरावरून उतरवायची आणि विस्तवावर टाकायची. आमच्याकडे असं मानतात की मिरच्या जळूनही ठसका उठला नाही तर दृष्ट मोठी होती, आणि ती जळून गेली. ठसका उठला, सगळे खोकले, तर दृष्ट नव्हतीच.

माझं गुपित असं की मी कायम जुनी बेडगी मिरची वापरायची. तिला रंग असतो, तिखटपणा नसतो. ठसका उठायचाच नाही. "लई मोठी होती गं, गेली बघ," म्हटलं की आईचा जीव भांड्यात पडायचा, आई निवांत झाली की पोर झोपायचं. हे गुपित फक्त वैशूला माहीत होतं. लहानपणी मिरच्यांची देठं तीच काढून द्यायची, आणि आम्ही दोघी मग स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो.

डोळे बिघडले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आधी माझीच दृष्ट काढली. बाईंना कुणाची तरी लागली म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग हळूहळू दारात पोरं यायची बंद झाली. शेजारच्या घरी एक तान्हं होतं. त्याची आई त्याला घेऊन ओट्यावर बसलेली असायची, मी फाटक उघडलं की ती आत जायची. एका संध्याकाळी मी त्या बाळाशी दोन शब्द बोलून घरी आले, चप्पल काढते तोच त्यांच्या खिडकीतून मिरच्या जळल्याचा वास आला. तेच मीठ, त्याच मोहऱ्या, आणि आता त्या माझ्यामुळे उतरवत होते. मी दाराशी उभी राहून वाट बघत राहिले. त्या घरातून खोकल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मी आत गेले.

निदान

मी डॉक्टरांकडे गेले ते डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणून. नंबर बदलला असेल असं मला वाटत होतं. डॉक्टरांनी तपासलं, मग खुर्ची मागे घेतली आणि विचारलं, "तुमचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आहे का?"

पर्समध्ये शाळेचं ओळखपत्र होतं. त्यांनी ते माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं. एकदा त्या फोटोकडे, एकदा माझ्याकडे, असं ते बराच वेळ बघत राहिले. माणूस एवढा वेळ आपल्याकडे बघतो आणि बोलत नाही, तेव्हा काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांवरच्या पोरांना काय वाटत असेल तेही कळलं.

"बाई, हा रोग डोळ्यांत सुरू झालेला नाही," ते म्हणाले. "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बिघडली आहे. तिच्यापायी डोळ्यांमागचा भाग सुजलाय, डोळे पुढे आलेत आणि पापण्या वर ओढल्या गेल्यात. तुम्ही कुणाकडे टक लावून बघत नाही. तुमचे डोळेच तसे उघडे राहतात."

मी ओक्साबोक्शी रडले. डॉक्टरांना वाटलं घाबरले. मी घाबरले नव्हते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. अल्बममधल्या बाईला नाव मिळालं होतं.

तुमचं असं होत असेल तर माझ्यासारखा वर्षभराचा वेळ घालवू नका. जुना फोटो घ्या आणि जा.

गावभरच्या नजरा

आजार कळला तरी डोळे काही लगेच मिटले नाहीत. गोळ्यांनी छातीची धडधड थांबली, हात स्थिर झाले, डोळे तसेच. आणि लोकांना काय, लोक माझ्या नजरेत आपापल्या मनातलंच वाचायचे. भाजीवाली न बोलता काटा पुन्हा धरायची. बसस्टँडवर एका इसमाला वाटलं मी त्याच्याचकडे बघते आहे, तो केस सारखे करत माझ्या बाकावर येऊन बसला. मी तोंड फिरवलं, पण डोळे फिरवले तरी ते तसेच. एकदा बँकेत रांगेतल्या बाईने आपण होऊन मला सांगितलं, "मी मधे घुसले न्हाई हो ताई, मघाचीच उभी हाय मी." मी तिला काही म्हटलंही नव्हतं.

कुत्र्यांचं मात्र मला भय वाटायला लागलं. गल्लीतली ओळखीची कुत्री, भाकरी घातलेली, माझ्या डोळ्यांत बघून मागे सरकायची आणि दात दाखवायची. माणसं निदान गैरसमज करून घेतात. कुत्र्यांना काय दिसायचं कोण जाणे.

झोपेतही पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. रात्री मलम घालून वर कागदी पट्टी चिकटवायची. हे नक्की करा, नाहीतर बुबुळ सुकतं. दुपारी मात्र मी कंटाळा करायची. आरामखुर्चीत डुलकी लागायची ती तशीच, उघड्या डोळ्यांनी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लातूरचं सलाईन

डोळ्यांमागची सूज उतरावी म्हणून दर गुरुवारी लातूरच्या एका दवाखान्यात सलाईनमधून औषध द्यायचे. पहाटेची एसटी, अहमदपूरला चहा, दवाखान्यात आधी साखर आणि बीपी, मग हाताला सुई. तोंडाला लोखंडाची चव यायची, गाल तापायचे. खोलीत ओळीने खाटा होत्या आणि दोघी-तिघी माझ्याच आजाराच्या. पहिल्या दिवशी मी दार लोटलं आणि थबकले. माझेच डोळे दोन खाटांवरून माझ्याकडे बघत होते.

त्यातल्या एक रेहानाबी. देवणीच्या. घरचं बांगड्यांचं दुकान. त्या नकाब घालायच्या, त्यामुळे त्यांचे फक्त डोळेच दिसायचे.

"बाई, तुमचं बरं हाय," त्या मला म्हणाल्या. "तुमचं तोंड दिसतंय, हसलेलं समजतंय. माझे निसते डोळेच. बाया बांगड्या भरायला हात देतात, वर बघतात आन् हात वढून घेतात."

"मग काय करता?"

"आता मी आवाज करून हसते," असं म्हणून त्यांनी खरंच हसून दाखवलं. नर्ससुद्धा हसली. "डोळ्याला बोलता येत न्हाई, तर आपून बोलायचं. लई बडबड करायची. माझे मालक म्हणतात, आधी शांत होतीस, बीमारीनं तुला जबान दिली."

या आजारात मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. काळा गॉगलही त्यांनीच आणून दिला, दुकानातला, पैसे घेतले नाहीत.

वैशूचं घर दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्याच सुमारास तिला पुन्हा दिवस गेले होते. मला दर गुरुवारी तिच्याकडे जावंसं वाटायचं, पण ती फोनवर म्हणायची, "आई, सलाईन लावून दमून येशील, उगाच कशाला." मला ते तिचं प्रेम वाटायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, आमच्याकडे हे ठरलेलंच असतं. मी आतली खोली रंगवून घेतली, जुन्या मऊ साड्यांची गोधडी शिवायला घेतली. आमचे हे, म्हणजे वैशूचे बाबा, पाटबंधारे खात्यात आहेत. मी गोधडी घेऊन बसले की ते पेपर तोंडासमोर धरायचे. त्यांना काहीतरी बोलायचं आहे आणि बोलवत नाही असं मला वाटायचं, पण मी विचारलं नाही.

डोहाळजेवण

सातव्या महिन्यात वैशूचा फोन आला. "आई, गुरुवारी डोहाळजेवण आहे इथं." थोडं थांबून म्हणाली, "बाबा बोलले ना तुझ्याशी सगळं?"

"बोलले की," मी म्हटलं. मला वाटलं, वाराचं-वेळेचं काहीतरी असेल, विसरले असतील सांगायला. तिने सुस्कारा सोडला आणि फोन ठेवला.

गुरुवार तर माझा सलाईनचाच दिवस. हे ऑफिसला गेल्यावर मी हिरवी साडी, खण, नारळ, वेणी असं ओटीचं सगळं पिशवीत भरलं. सलाईन संपल्यावर दवाखान्यातच तोंड धुतलं, केस नीट केले आणि रिक्षा केली. मंगल कार्यात काळा गॉगल बरा दिसत नाही म्हणून तो दारातच काढून पर्समध्ये ठेवला.

आत बायका जमल्या होत्या. वैशूला फुलांनी सजवून खुर्चीत बसवलं होतं, कुणीतरी गाणं म्हणत होतं. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि हसले. गाणं म्हणणारी बाई मधेच थांबली. मग टाळ्या थांबल्या. पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला ऐकू आला.

विहीणबाई उठून पुढे आल्या. ओरडल्या नाहीत, हळूच बोलल्या. "ताई, इतकं सांगून धाडलं तरी आलात?"

"काय सांगून धाडलं?"

त्यांच्या खांद्यावरून मी वैशूकडे बघितलं. मला तिच्याकडून कळायला हवं होतं. तिचा हात हळूहळू पदराकडे गेला. तिने पदर ओढला आणि पोट झाकून घेतलं.

तिला ते करायचं नसणार. हात आपोआप गेला असणार. पण तिने झाकलं, आणि मी बघितलं, आणि मी बघितल्याचं तिने बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि परत फिरले. एसटीत गॉगल लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

आरामखुर्ची

घरी आल्यावर मी ह्यांच्यावर भडकले. म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

ते गोंधळून बघत राहिले. "सांगितलं की मी तुला."

"कधी?"

"मागल्या महिन्यात. रविवारी दुपारी. तू आरामखुर्चीत बसली होतीस. मी समोर स्टूल घेऊन बसलो. म्हटलं, विहीणबाईचा फोन आला होता, त्या अल्बम बघून म्हणून राहिल्या की पहिल्या वेळी तुझी नजर लागली, आता वैशूला नांदेडला धाडणार न्हाई, आन् तुम्हीबी येऊ नका. सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू माझ्याकडं बघून राहिली होतीस. काही बोलली न्हाईस. मला वाटलं, तुला लई लागलं, म्हणून मी पुन्हा विषय काढला न्हाई. तू गोधडी शिवत बसलीस तर मी म्हटलं, मनाचं समाधान करून राहिली."

मी झोपले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस माझ्यापुढे रडला होता आणि मी उघड्या डोळ्यांनी झोपले होते. त्याच्याकडे एवढा वेळ कोण बघत होतं मग? हा प्रश्न मला अजून पडतो. त्या दिवसापासून मी दुपारीही पट्टी लावूनच झोपायला लागले.

बोलावणं

बाळंतपण लातूरलाच झालं. मुलगी झाली. ह्यांना फोनवर फोटो आला, त्यांनी मला दाखवला. मी जायचं नाव काढलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी विहीणबाईंचाच फोन आला. आवाज थकलेला होता. "ताई, दिवे लागले की पोरगी रडून लाल होतीय. दूध घेईना. डॉक्टर म्हणतात काही न्हाई. आम्ही लई वेळा उतरवली, पण जात न्हाई." मग थांबून म्हणाल्या, "ज्याची लागती त्यानंच काढली की मुळासकट जाती म्हणतात. राग मानू नका. या तुम्ही."

आईला बोलावणं नव्हतं, आजीला नव्हतं, नजर लावणारीला होतं.

"जायचं न्हाई," हे म्हणाले. "मान न्हाई तिथं कशाला जायचं?"

"मला माझी नात बघायची आहे," मी म्हटलं. "ज्या कारणानं बोलावलंय त्या कारणानं जाते."

पण मी अशीच जाणार नव्हते. त्यांच्याच रीतीनं त्यांना दाखवून द्यायचं मी ठरवलं. बाजारातून नव्या लवंगी मिरच्या आणल्या, चांगल्या झणझणीत. घरी एक तव्यावर टाकून बघितली. हे खोकत खोकत अंगणात पळाले. मला समाधान वाटलं. असा ठसका उठू दे, सगळं घर खोकू दे, म्हणजे दृष्ट नव्हतीच हे विहीणबाईंना त्यांच्या तोंडाने म्हणावं लागेल. उरलेल्या मिरच्या कागदात बांधून मी लातूरला गेले.

दिवेलागणीची वेळ होती. वैशू बाजेवर बसली होती, बाळ तिच्या छातीशी घट्ट. तिने माझ्याकडे बघितलं, "आई" एवढंच म्हणाली. बाळ रडतच होतं. शेकाची शेगडी बाळाला धूर नको म्हणून गॅलरीत नेऊन ठेवली होती, निखारे लाल होते.

"गॉगल काढा," विहीणबाई म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवूनच काढा."

मी काढला. मीठ, मोहऱ्या, माझ्या मिरच्या मुठीत धरल्या आणि बाळावरून उतरवायला लागले. तोंडाने नेहमीचंच म्हणत होते. आल्याची, गेल्याची, शेजारणीची, पाजारणीची, घरच्याची, दारच्याची, आईची, बापाची. गल्लीतल्या किती पोरांवरून हे म्हटलं होतं, पण आईचीही लागते असं आपण म्हणतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. तिथे संपवायचं असतं. मी थांबले, आणि माझ्या तोंडून निघालं, "आजीची."

बाळ रडायचं थांबलं.

मी गॅलरीत जाऊन मूठ निखाऱ्यांवर सोडली. मीठ तडतडलं, मोहऱ्या उडाल्या. विहीणबाई आणि जावई माझ्या मागे येऊन उभे राहिले. मिरच्या आक्रसल्या, काळ्या पडल्या, त्यांचा धूर सरळ वर आला, आमच्या तोंडांवर आला. मी वाट बघत होते.

कुणी खोकलं नाही. मी वाकून मुद्दाम मोठा श्वास घेतला. काहीच नाही. निखाऱ्यांवर पाणी तापवल्यावर येते तशी नुसती वाफ नाकाला लागली. मिरच्या जळून राख झाल्या आणि कुणालाही ठसका लागला नाही.

"होती बघा," विहीणबाई म्हणाल्या. रागाने नाही, सुटल्यासारख्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "गेली आता, ताई. चला, चहा टाकते."

मी हात धुवायला मोरीवर गेले. कागदात एक मिरची उरली होती. तिचं टोक दातांनी तोडलं. जीभ पेटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि पापण्या मिटत नसल्यामुळे ते थांबवता येईना.

मागे पावलं वाजली. वैशू बाळाला घेऊन दारात उभी होती. बाळ शांत होतं. तिने मागे वळून कुणी नाही ना ते बघितलं आणि कुजबुजत विचारलं, "आई, तुझ्या नेहमीच्याच होत्या ना गं? बेडगी?"

तिचा एक हात बाळाच्या डोक्यावर होता, त्या हाताने बाळाचा चेहरा अर्धा झाकलेला. मी मिरची मुठीत दाबली. रेहानाबी सांगतात तसं मी आवाज करून हसले.

"हो गं वेडे. बेडगीच होत्या."

तिने श्वास सोडला. मग हसली, लहानपणी हसायची तशी, तोंड दाबून. बाळाच्या डोक्यावरचा हात काढून तिने बाळ माझ्याकडे दिलं.

आता शस्त्रक्रिया झाली आहे, माझ्या पापण्या मिटतात. दृष्ट काढली त्याच महिन्यात वैशू बाळाला घेऊन नांदेडला आली, रंगवलेल्या खोलीत राहिली, गोधडी वापरली. तुमचंही ठीक होईल, धीर सोडू नका. पण त्या संध्याकाळी मोरीपाशी मी नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघत होती. पापणी तिचीही लवत नव्हती आणि माझीही. माझी जीभ जळत होती.